पारखी कात्री

आपल्या पोटाच्या उजव्या बाजूस, बरगड्यांच्या आड, यकृत नावाचे एक मोठे इंद्रिय असते. प्रौढ माणसाच्या यकृताचे वजन सुमारे दीड किलोग्रॅम भरते. अन्नातील साखर साठवून ठेवणे, पचनास लागणारे पित्त तयार करणे, रक्तात आलेली विषारी द्रव्ये निरुपद्रवी करणे, जखम झाली असता रक्त गोठावे म्हणून लागणारी प्रथिने बनविणे, अशी अनेक कामे ते रात्रंदिवस करीत असते. घरातील कर्त्या माणसाप्रमाणे ते पुष्कळ सोसते आणि क्वचितच तक्रार करते. त्याच्या आतील भागात वेदना कळविणारे ज्ञानतंतू नसतात. त्यामुळे त्याला इजा झाली तरी ते सहसा दुखत नाही. या सोशिकपणामुळेच यकृताचे विकार वेळेवर ओळखणे कठीण जाते.

कावीळ झालेला माणूस तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्याचे डोळे पिवळे दिसतात, लघवी गडद होते आणि अन्नावरची वासना उडते. असे का होते? आपल्या रक्तातील तांबड्या पेशी सुमारे 120 दिवस जगतात. त्या मोडल्या म्हणजे त्यांतून बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य तयार होते. निरोगी यकृत हे द्रव्य पित्तावाटे बाहेर टाकते. यकृताला सूज आली म्हणजे हे काम अडते, द्रव्य रक्तात साठू लागते आणि डोळे व कातडी पिवळी पडते. तेव्हा कावीळ हा स्वतंत्र रोग नसून यकृत आजारी असल्याची ती एक खूण आहे. यकृताच्या या सुजेला यकृतदाह म्हणतात. डॉक्टर तिलाच हिपॅटायटिस म्हणतात.

यकृतदाहाची कारणे अनेक आहेत. परंतु त्यांतील एक मोठे कारण म्हणजे विषाणू. यकृतावर हल्ला करणारे पाच प्रमुख विषाणू शास्त्रज्ञांना माहीत आहेत. त्यांना ए, बी, सी, डी आणि ई अशी नावे दिलेली आहेत. ए आणि ई हे दूषित पाण्यातून व अन्नातून पसरतात. 1955 सालच्या डिसेंबरात आणि 1956 सालच्या जानेवारीत दिल्ली शहरात काविळीची मोठी साथ आली होती. यमुनेच्या पुरानंतर शहराचे सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळले आणि सुमारे 29,000 लोकांना कावीळ झाली. ते काम ई विषाणूचे होते, असे पुढील काळातील संशोधनाने ठरले.

ए आणि ई विषाणूंनी झालेला आजार बहुतेक रोग्यांत काही आठवड्यांनी आपोआप बरा होतो. मात्र गरोदर स्त्रियांना ई विषाणूपासून मोठा धोका असतो. आपल्याकडे काविळीच्या रोग्याच्या गळ्यात माळ घालून किंवा त्याचे हात धुऊन कावीळ ‘उतरविण्याची’ चाल आहे. रोगी बरा झाला की त्याचे श्रेय माळेला मिळते. खरे पाहता तो बरा झालेला असतो तो त्याच्या शरीराच्या स्वतःच्या शक्तीने. परंतु ज्याला बी किंवा सी विषाणूची लागण झाली आहे, असा रोगी माळेवर विसंबून राहिला, तर त्याचा अमोल वेळ व्यर्थ जातो.

बी आणि सी यांची तऱ्हा निराळी आहे. ते मुख्यतः रक्तावाटे पसरतात. न उकळलेली किंवा एकाची दुसऱ्यास वापरलेली सुई, न तपासता दिलेले रक्त, दुसऱ्याच्या दाढीचे पाते, ही त्यांची वाहने होत. बी विषाणू प्रसूतीच्या वेळी आईकडून बालकाकडेही जातो. शरीरात शिरल्यावर हे विषाणू पुष्कळदा कोणतीही खूण दाखवीत नाहीत. माणूस शेतात राबतो, कचेरीत जातो, हसतो, खेळतो; आणि आत यकृताची मात्र हळूहळू हानी होत असते. वीस-पंचवीस वर्षांनी पोटात पाणी साठू लागले किंवा यकृताचा कर्करोग झाला, म्हणजे घरच्यांना प्रथम कळते. तोवर उशीर झालेला असतो.

जागतिक आरोग्य संघटनेने 2024 साली प्रसिद्ध केलेल्या अहवालातील आकडे विचार करावयास लावणारे आहेत. 2022 साली जगात सुमारे 25 कोटी 40 लाख माणसांच्या शरीरात बी विषाणूने, तर सुमारे 5 कोटी माणसांच्या शरीरात सी विषाणूने कायमचा मुक्काम केलेला होता. त्या एका वर्षात यकृतदाहाच्या विषाणूंमुळे सुमारे 13 लाख माणसे मृत्यू पावली. याहूनही खेदाची गोष्ट अशी, की बी विषाणू अंगात बाळगणाऱ्या दर 100 माणसांपैकी केवळ 13 जणांच्या रोगाचे निदान झालेले होते. उरलेल्या 87 जणांना आपल्या अंगात काय आहे याचा पत्ताच नव्हता. औषधे निघाली आहेत, लसही निघाली आहे. परंतु ज्याला आपला रोग ठाऊकच नाही, तो औषध घेण्यास येणार कसा? म्हणून यकृतदाहाच्या लढाईत रोग ओळखणे हीच पहिली पायरी होय.

ती पायरी चढण्याचा प्रयत्न शास्त्रज्ञ फार वर्षांपासून करीत आहेत. बारुक ब्लूमबर्ग या अमेरिकन शास्त्रज्ञास ऑस्ट्रेलियातील एका आदिवासी माणसाच्या रक्तात एक अनोळखी प्रथिन आढळले. 1965 साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. हे प्रथिन बी विषाणूच्या बाहेरच्या आवरणाचा भाग आहे, हे पुढे निश्चित झाले, आणि त्याच्या साहाय्याने रक्ताची तपासणी करता येऊ लागली. ब्लूमबर्ग यांना 1976 साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचा जन्मदिवस 28 जुलै हा आता जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळला जातो. तरीही रक्त दिल्यानंतर काही रोग्यांना यकृतदाह होतच राहिला. तो ए विषाणूचाही नव्हता आणि बी विषाणूचाही नव्हता. 1989 साली मायकेल हॉटन व त्यांचे सहकारी यांनी त्या लपलेल्या विषाणूचा छडा लावला. तोच सी विषाणू होय.

आज बी आणि सी विषाणूंसाठी स्वस्त तपासण्या उपलब्ध आहेत. त्या फार उपयोगी आहेत. पण त्यांना मर्यादाही आहेत. सी विषाणूचेच उदाहरण घ्या. तो शरीरात आला म्हणजे शरीर त्याच्याशी झुंजण्यासाठी प्रतिपिंडे नावाची प्रथिने तयार करते. साधी तपासणी ही प्रतिपिंडे शोधते. परंतु विषाणू नाहीसा झाला, तरी प्रतिपिंडे वर्षानुवर्षे रक्तात राहतात. चोर निघून गेला तरी त्याच्या पावलांचे ठसे अंगणात राहावेत, तसेच हे आहे. ठसे दिसले, एवढ्यावरून चोर अजून घरात आहे की नाही हे सांगता येत नाही. त्यासाठी चोरच हुडकून काढावा लागतो. म्हणजे विषाणूचे जनुकद्रव्य रक्तात आहे का, हे पाहावे लागते.

हे काम पीसीआर नावाच्या पद्धतीने करता येते. त्यासाठी मिश्रण पुनःपुन्हा तापविणारे व निवविणारे महागडे यंत्र, अखंड वीज आणि शिकलेले तंत्रज्ञ लागतात. अशी सोय मोठ्या शहरांत असते. खेड्यातील रोग्याचे रक्त तेथे पाठवावे लागते, उत्तर येण्यास दिवस लागतात, आणि मजुरी बुडवून पुन्हा दवाखान्यात येणे अनेकांना परवडत नाही. पहिली तपासणी झालेली पुष्कळ माणसे दुसऱ्या तपासणीस येतच नाहीत. गावच्या दवाखान्यातच, रोगी बाकावर बसला असता, विषाणूचे जनुकद्रव्य ओळखता आले तर? या प्रश्नाचे उत्तर अगदी अनपेक्षित ठिकाणाहून आले.

माणसाला जसे विषाणू छळतात, तसेच ते जीवाणूंनाही छळतात. दह्यातील जीवाणूसुद्धा त्यांच्या तडाख्यातून सुटत नाहीत. 1987 साली जपानमधील ओसाका येथे योशिझुमी इशिनो व त्यांच्या सहकाऱ्यांना एका जीवाणूच्या डीएनएमध्ये एकच मजकूर ठराविक अंतराने पुनःपुन्हा आलेला दिसला. त्याचा अर्थ तेव्हा कोणासच कळला नाही. पुढे स्पेनमधील मिठागरांत राहणाऱ्या सूक्ष्मजीवांचा अभ्यास करताना फ्रान्सिस्को मोहिका यांनाही अशीच पुनरावृत्ती आढळली. दोन पुनरावृत्तींच्या मध्ये असलेले तुकडे त्यांनी चिकाटीने तपासले. 2005 साली त्यांनी जगाला सांगितले, की त्यांतील कित्येक तुकडे विषाणूंच्या जनुकद्रव्याशी जुळतात. जीवाणू आपल्या शत्रूची खूणच जणू आपल्या दप्तरी नोंदवून ठेवीत होते. दही आणि चीज बनविण्यास वापरल्या जाणाऱ्या जीवाणूंवर 2007 साली झालेल्या प्रयोगांनी ही गोष्ट सिद्ध झाली. नवी खूण नोंदविलेले जीवाणू त्या विषाणूपुढे टिकून राहिले.

या नोंदवहीला क्रिस्पर असे नाव आहे. तिच्या जोडीला जीवाणूंपाशी कॅस नावाची प्रथिने असतात. ही प्रथिने म्हणजे डीएनए किंवा आरएनए कापणाऱ्या सूक्ष्म कात्र्या होत. नोंदवहीतील एका खुणेची नक्कल आरएनएच्या रूपाने कात्रीला जोडली जाते. या नकलेस मार्गदर्शक आरएनए म्हणतात. कात्री तिच्या साहाय्याने शोध घेत फिरते आणि जुळणारा मजकूर सापडला की तेथेच कापते. मार्गदर्शक बदलला की कात्री दुसरे ठिकाण कापील, हे एमान्युएल शार्पांतिये व जेनिफर डाउडना यांनी 2012 साली दाखवून दिले. त्यामुळे सजीवांच्या जनुकांत हवा तेथे छेद घेऊन त्यांत फेरबदल करणे शक्य झाले. यालाच जनुक-संपादन म्हणतात.

2020 हे वर्ष या कथेत विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षीचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक सी विषाणूच्या शोधाबद्दल हार्वी ऑल्टर, मायकेल हॉटन व चार्ल्स राइस यांना मिळाले. आणि रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक या जनुककात्रीबद्दल शार्पांतिये व डाउडना यांना मिळाले. दोन्ही संशोधने वेगवेगळ्या वाटांनी चालत आली होती. आता ती एकमेकांच्या उपयोगी पडू लागली आहेत.

ती कशी, हे समजण्यासाठी या कात्र्यांपैकी दोघींची एक विलक्षण सवय पाहिली पाहिजे. कॅस-13 ही आरएनए कापणारी कात्री आहे आणि कॅस-12 ही डीएनए कापणारी. आपली खूण सापडून ती कापली, म्हणजे या कात्र्या थांबत नाहीत. त्या जणू चवताळतात आणि आसपास असलेले एकेरी धागेही कापत सुटतात. कॅस-13 ची ही सवय 2016 साली आणि कॅस-12 ची 2018 साली ध्यानात आली. जनुकात नेमका फेरबदल करू पाहणाऱ्यास ही खोडच वाटावी. परंतु रोग ओळखू पाहणाऱ्यास ती वरदान ठरली. कारण एक लहानशी खूण सापडताच कात्री असंख्य धागे कापते, आणि सूक्ष्म गोष्टीचा परिणाम डोळ्यांना दिसण्याइतका मोठा होतो.

तपासणीची रीत अशी आहे. रोग्याच्या रक्तातून प्रथम जनुकद्रव्य वेगळे काढतात. रक्तात विषाणू थोडे असतील तर त्यांची खूण सापडणे अवघड, म्हणून त्या खुणेच्या लक्षावधी प्रती तयार करतात. यासाठी पीसीआरप्रमाणे पुनःपुन्हा तापविण्या-निवविण्याची गरज नसते. सुमारे 60 ते 65 अंश सेल्सिअस उष्णतेवर नळी ठेवली तरी काम होते. काही रीतींत तर 37 ते 42 अंशही पुरतात. नंतर त्या मिश्रणात कात्री, तिचा मार्गदर्शक आणि काही लहान धागे घालतात. प्रत्येक धाग्याच्या एका टोकास चमकणारा रंग आणि दुसऱ्या टोकास ती चमक झाकणारे द्रव्य बांधलेले असते. रक्तात विषाणू नसेल तर कात्री स्वस्थ राहते आणि नळी अंधारीच राहते. विषाणू असेल तर कात्री जागी होते, धागे तुटतात, रंग आपल्या झाकणापासून सुटतो आणि योग्य प्रकाशात नळी चमकू लागते. ही चमक पाहण्याऐवजी कागदाच्या पट्टीवर उमटणारी रेषा पाहण्याचीही युक्ती आहे. सारे काम साधारण तासा-दोन तासांत आटोपते.

येथे एखादा चौकस विद्यार्थी विचारील, की कात्री चुकून माणसाच्याच डीएनएला विषाणू समजली तर? याचे उत्तर गणिताने देता येते. डीएनएची वर्णमाला अवघ्या चार अक्षरांची आहे. मार्गदर्शकातील खूण सुमारे 20 अक्षरांची असते. चार अक्षरांपासून 20 अक्षरी शब्द किती होतील? 4 ला 4 ने गुणत 20 वेळा 4 घेतले, तर गुणाकार एक लाख कोटींहून अधिक होतो. माणसाच्या डीएनएचा संपूर्ण ग्रंथ सुमारे 300 कोटी अक्षरांचा आहे. तेव्हा नीट निवडलेली 20 अक्षरी खूण त्यात योगायोगाने आढळण्याचा संभव थोडा असतो. तरीही संशोधक ती निवडताना माणसाच्या डीएनएशी पडताळून पाहतात. बी विषाणूचा ग्रंथ सुमारे 3,200 अक्षरजोड्यांचा आणि सी विषाणूचा सुमारे 9,600 अक्षरांचा. त्यांतील जो मजकूर विषाणूच्या सर्व जातींत सहसा बदलत नाही, तोच खूण म्हणून घेतात.

2017 साली अमेरिकेतील संशोधकांनी कॅस-13 वर आधारलेली तपासणी प्रसिद्ध केली. गुन्हेगार शोधणाऱ्या प्रसिद्ध कथानायकाच्या नावावरून तिला शेरलॉक म्हणतात. आपल्या देशातही दिल्लीच्या एका राष्ट्रीय प्रयोगशाळेत अशी तपासणी तयार झाली. सत्यजित राय यांच्या कथांतील गुप्तहेराच्या नावावरून तिचे नाव फेलूदा ठेवले गेले. तिच्यातील कॅस-9 प्रथिन धागे कापत सुटत नाही. ते खुणेला चिकटून बसते आणि कागदाच्या पट्टीवर रेषा उमटते. कोविडचा विषाणू ओळखण्यासाठी 2020 सालच्या सप्टेंबरात या तपासणीस आपल्या देशात परवानगी मिळाली. त्याच धर्तीवर बी, सी आणि ई विषाणू ओळखण्याच्या तपासण्या निरनिराळ्या देशांतील प्रयोगशाळांनी तयार केल्या आहेत. औषधाला न जुमानणारा बी विषाणू त्याच्या डीएनएतील एखाद्या अक्षराच्या फरकावरून ओळखण्याचेही प्रयोग झाले आहेत.

मात्र येथे उतावीळ होऊन चालणार नाही. यकृतदाहासाठी असलेली ही तपासणी अद्याप मुख्यतः प्रयोगावस्थेत आहे. रक्तातून जनुकद्रव्य वेगळे काढणे खेड्यातील दवाखान्यात सोपे नाही. प्रती तयार करताना एका नळीतील कण दुसऱ्या नळीत गेला, तर निरोगी माणूसही रोगी ठरेल. शिवाय कागदावरची रेषा ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगते. विषाणू किती आहे हे सांगत नाही. गरोदर स्त्रीच्या रक्तात बी विषाणू फार असेल, तर तिला औषध देऊन बालकाला वाचविता येते; पण त्यासाठी विषाणूचे प्रमाण कळणे जरूर असते. जन्माच्या वेळी लागण झालेल्या दर 100 बालकांपैकी सुमारे 90 जणांत हा विषाणू कायमचे ठाण मांडतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या मोजणीचे महत्त्व कळते. या अडचणी दूर करण्याचे काम जगभर चालू आहे.

तोपर्यंत आपण हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. बी विषाणूवर उत्तम लस आहे. तिची पहिली मात्रा जन्मानंतर 24 तासांच्या आत बालकास दिली जाते. सी विषाणूचा रोग सुमारे 12 आठवडे गोळ्या घेतल्याने दर 100 पैकी 95 हून अधिक रोग्यांत बरा होतो. आपल्या देशात 28 जुलै 2018 रोजी यकृतदाहाच्या नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि त्याखाली सरकारी दवाखान्यांत तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात. तसेच हेही लक्षात ठेवावे, की बी आणि सी विषाणू हातात हात दिल्याने, एका पंगतीस बसल्याने किंवा एका बाकावर बसून अभ्यास केल्याने पसरत नाहीत. ज्याला असा रोग आहे त्याला दूर लोटणे हे जसे निर्दयपणाचे, तसेच ते अडाणीपणाचेही आहे. लोक दूर लोटतील या भीतीनेच पुष्कळ माणसे तपासणीस जात नाहीत. यंत्र कितीही पारखी असले, तरी त्याच्यापुढे रक्ताचा थेंब ठेवण्यासाठी माणूस आला पाहिजे, आणि त्याने निर्भयपणे यावे हे पाहणे आपणा सर्वांचे काम आहे.

मिठागरातील आणि दह्यातील क्षुद्र जीव आपल्या शत्रूची खूण जपून ठेवतात, ही गोष्ट ज्यांनी प्रथम शोधली, त्यांच्या मनात काविळीचा विचारही नव्हता. हे असे का आहे, एवढाच प्रश्न त्यांना पडला होता. त्या प्रश्नाचा पाठपुरावा करताना मिळालेली कात्री आज माणसाच्या यकृतात लपलेला वैरी शोधण्याची तयारी करीत आहे. निसर्गातील कोणतीही गोष्ट अभ्यासण्यास क्षुल्लक नसते, याचे याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.